आंबोलीजवळचा १६-७४ बिंदू

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे आंबोलीला जात आहोत. १६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४ अंश पूर्व रेखांश या रेषा आंबोलीजवळच एकमेकींना छेदतात, हे मुलीने नकाशात शोधून काढले आणि तिथे चालत जायचा हट्ट धरला आहे. केवळ मोबाइलच्या आधाराने जाता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुलीचा हट्ट मला मनापासून आवडला. असे पूर्ण अंशांचे छेदबिंदू गाठून तिथली छायाचित्रे जमवण्याचा उपक्रम अमेरिकेत अ‍ॅलेक्स जॅरेट यांनी १९९६ मध्ये सुरू केला आणि पुढे देशोदेशीचे हौशी भटके त्यात सामील झाले. बिंदूपासून १०० मीटरच्या आत पोहोचले की त्यात भेट यशस्वी धरतात. ही सवलत आपणही आधीपासून मनाशी धरावी.

हा बिंदू आंबोली गावाच्या उत्तरेला, सरळ रेषेत साधारण चार किलोमीटरवर येतो. पण मोबाइलवरची ती सरळ रेषा म्हणजे वाट नव्हे. आंबोलीजवळच्या कावळेसाद पॉइंटला आपण गेला असाल तर आठवेल, की पायाखालचा सपाट सडा (खडकाळ पठार) चालता चालता संपतो आणि पुढे एकदम दरी उघडते. म्हणून घरीच समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहावा आणि त्या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात ती तीव्र उताराची बाजू पूर्णपणे टाळावी. जुना कागदी नकाशा वापरणार असाल तर एक सावधगिरी हवी : तो एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर, बेतलेला असतो आणि मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ हे जीपीएसचे माप मानतो, त्यामुळे अक्षांश-रेखांशाचे तेच आकडे आपल्या भागात जमिनीवर शंभर मीटरहून अधिक सरकतात.

जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवावा. दाट झाडीत आणि कड्यालगत उपग्रहांचे संकेत अडतात, परावर्तित होतात. अशाच एका बिंदूवर मी करवंदीच्या जाळीत उभा होतो. पाय जागचा हलत नव्हता, तरी मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशाचा शेवटचा आकडा सारखा बदलत होता. एक सेकंद (अंशाचा ३६००वा भाग) म्हणजे अक्षांशात सुमारे ३१ मीटर, तेव्हा त्याच्यामागे काठाकडे सरकत जाणे धोक्याचे आहे.

आंबोलीजवळच्या गेळे गावात चौकशी करून वाटेचा माहीतगार सोबत घ्यावाच. जागा राखीव वनात असेल तर वनखात्याची, खासगी असेल तर मालकाची परवानगी आधी मिळवावी. दिवाळीत गवत कमरेएवढे असते आणि त्या रानात चापडा हा विषारी साप आढळतो, म्हणून पूर्ण बूट आणि हातात काठी हवी. धुके उतरले तर तिथूनच मागे फिरावे. बिंदू कड्याखाली निघाला, तर काठापासून दूर उभे राहून त्या दिशेचे छायाचित्र घ्यावे आणि किती मीटर उरले तो आकडा मुलीने वहीत लिहावा. खालून कोकणाच्या बाजूने येणारी एखादी वाट आहे का, हेही माहीतगाराला त्याच वेळी विचारून ठेवावे.