मधोमध फुटलेला डिस्प्ले

बाळा,

तुझा फोन उघडून बसलोय. ‘सायकलवरून पडला’ असं सांगून गेलास. बेळगावच्या शहापुरात वीस वर्षं फोन दुरुस्त करतोय रे मी. पडलेल्या फोनची काच बहुतेक कोपऱ्यातून तडकते. तुझी मधोमध फुटलीय, आणि तड्यांत भिंतीचा निळा रंग अडकलाय.

ओरडायला लिहीत नाही. आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो तेव्हा शिवी दिली की तिचा धनी शेजारच्याच खुर्चीत असायचा. दोनदा कानाखाली खाल्ली, तोंड आपोआप आवरलं. हात मात्र आवरला नव्हता. एकदा कीबोर्ड आपटून तीन कळा उडवल्या आणि महिनाभर कॅफे झाडून भरपाई केली. हे घरी कुणाला सांगू नकोस.

तुझ्या बीजीएमआय गेमचा हिशेब बघ. एरँगलच्या मॅपवर १०० जण उतरतात, चौघाचौघांचे २५ स्क्वॉड, म्हणजे संघ. सगळे सारखेच तरबेज धरले तरी चिकन डिनर, म्हणजे जिंकणं, सरासरी पंचविसातून एकदा. बाकी चोवीस वेळा हरायचंच असतं. त्यात अपमान कसला?

तुझं नुकसान हरण्यानं होत नाही, लगेच पुन्हा ‘स्टार्ट’ दाबल्यानं होतं. तू जायरोवर, म्हणजे फोन हलवून, नेम धरतोस. डोकं तापलं की पकड आवळते, बोटं थरथरतात, आणि जायरो ती थरथर जशीच्या तशी स्क्रीनवर नेतो. स्प्रे, म्हणजे सलग गोळ्या, भरकटतो, नॉक होऊन आडवा पडतोस, शिव्या मात्र रिव्हाइव्ह न करणाऱ्या, म्हणजे तुला न उठवणाऱ्या साथीदाराला. सलग दोन मॅच गेल्या की फोन चार्जिंगला लाव आणि उठ. चार्जर स्वयंपाकघरात ठेव, म्हणजे उठावंच लागेल. आणि पिंग, म्हणजे नेटचा उशीर, शंभराच्या वर दिसलं की रँकची मॅच खेळूच नको. तिसऱ्या रेल्वे गेटकडं संध्याकाळी नेटची काय दशा असते ते मला ठाऊक आहे. दोष नेटचा आणि बोलणी टीमला, हे रोजचंच.

आता जे जास्त लागलं ते. फोन देताना तू काउंटरवर म्हणालास, ‘ती कानडी पोरं तसलीच.’ रँडमनं, म्हणजे टीममध्ये आलेल्या अनोळखी पोरानं, कन्नडमधून आईवरून शिवी दिली असेल, राग येणारच. पण तू त्याला सोडून त्याच्या अख्ख्या भाषेवर घसरलास. आपल्याकडं हे फार पटकन होतं. बेळगावचं १९५६ पासूनचं मराठी-कन्नड भांडण गेममधल्या पोचिंकीतल्या एका घरात बसून सुटत नाही रे. असल्याला तिथल्या तिथं म्यूट कर. मार्कर आणि क्विक मेसेजवर खेळ बऱ्यापैकी भागतो. रिपोर्ट जरूर कर, पण मॅच संपल्यावर. उत्तर टाइप करत बसलास तर तेवढ्यात मॅपवर आवळत येणारा झोन डोक्यावर येतो.

माझ्याकडं सोल्डरिंगला बसतो तो पोरगा गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा. तू बोललास तेव्हा तो आतच होता. ऐकलं, मान खाली घातली, काम करत राहिला. तुझा बोर्ड त्यानंच तपासलाय. बोर्ड शाबूत आहे, फक्त डिस्प्ले गेलाय.

नवीन डिस्प्ले शनिवारी येईल. दुपारी चारनंतर ये, तेव्हा तोही दुकानात असतो. सायकलचं मी तुझ्या आईला काही बोललेलो नाही, ते तूच बघ.

तुझा,
दुकानवाला काका