शेअर खरेदीचा करार: सही करण्याआधी

प्रश्न: मी सॅन होजेला नोकरी करतो. मित्राच्या स्टार्टअपमध्ये ५०,००० डॉलर घालायचे आहेत. करारात माझ्या तोंडी तीन वाक्यं आहेत: मी ‘अ‍ॅक्रेडिटेड’ (उत्पन्न किंवा मालमत्तेच्या सरकारी निकषात बसणारा) गुंतवणूकदार आहे, सगळी रक्कम बुडाली तरी मला झेपेल आणि कराराबाहेरच्या कुठल्याही बोलण्यावर मी विसंबलेलो नाही. मित्र म्हणतो, ही नुसती औपचारिकता. सही करू का?

उत्तर: औपचारिकता मुळीच नाही. शेअर अमेरिकी रोखे नियामकाकडे (एसईसी) नोंदवल्याशिवाय विकण्याची सवलत (बहुधा त्याच्याच रेग्युलेशन डीमधला नियम ५०६) खरेदीदार कोण आहे यावर टिकते, म्हणून कंपनी हे लिहून घेते.

पहिलं वाक्य आकड्यांचं आहे. मागच्या दोन्ही वर्षांत एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर, किंवा जोडीदारासह ३ लाखांच्या वर हवं आणि यंदाही तेवढं अपेक्षित हवं. नाहीतर नक्त मालमत्ता १० लाख डॉलरच्या वर. राहतं घर यात धरायचं नाही. बे एरियात घरांच्या किमती पाहता बरेच जण नेमके इथेच चुकतात. पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट धरता येतो. पण गेल्या ६० दिवसांत राहत्या घरावर कर्ज काढून तेच पैसे गुंतवत असाल, तर ते कर्ज वजा करा. निकषात बसत नसाल तर तसं सांगा. त्याच नियमाच्या पोटभाग ५०६(बी)खाली असे ३५ जण चालतात. मात्र ते जाणकार असावे लागतात आणि कंपनीला त्यांना आर्थिक पत्रकांसह ठरावीक माहिती द्यावी लागते. ‘टिक कर रे’ हा आग्रह बहुतेक वेळा तो खर्च टाळण्यासाठी असतो.

दुसरं वाक्य शब्दशः घ्या. बिगरसूचीबद्ध कंपनीचे शेअर एसईसीच्या नियम १४४ नुसार साधारण वर्षभर विकता येत नाहीत, आणि नंतरही गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

सगळ्यात महाग पडतं ते तिसरं. ‘मोठं गिऱ्हाईक पक्कं झालंय’ असं मित्र तोंडी बोलला असेल, तर उद्या दावा लावताना हेच वाक्य आडवं येईल. अमेरिकेच्या १९३४च्या रोखे व्यवहार कायद्याचं कलम २९(ए) कायद्याचं पालन करारातून माफ करू देत नाही. तरीही करारातल्या ‘विसंबलेलो नाही’ अशा वाक्याला किती वजन द्यायचं यावर न्यायालयांत एकमत नाही. म्हणून मित्राने सांगितलेले ग्राहक, कर्ज, खटले, शेअरची विभागणी हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या विधानांत लिहून घ्या आणि ‘या करारातील कंपनीची विधाने व फसवणुकीचा दावा वगळता’ एवढे शब्द घालायला सांगा. करारावर डेलावेअर राज्याचा कायदा लागू असेल तर याला विशेष अर्थ आहे: करारातच जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला तिथलं न्यायालय अशा वाक्याआड लपू देत नाही (एबीआरवाय खटल्याचा निकाल, २००६). हे बदल पैसे पाठवण्याआधीच मागा.