वाचकांचे प्रश्न : स्थानिक ‘फूटी’मधील एकतर्फी सामने

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे ‘फूटी’च्या, स्थानिक लीगबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. (या खेळात एका गोलाचे सहा गुण मिळतात.) चारही पत्रांचा विषय एकच आहे : लीगमधील क्लबांच्या ताकदीत पडलेली तफावत.

प्रश्न : आम्ही गेली सहा वर्षे व्हिक्टोरिया राज्यातील एका लहान गावात राहतो. माझा मुलगा तिथल्या क्लबच्या कनिष्ठ संघात खेळतो आणि त्याचा सामना संपला की आम्ही वरिष्ठ संघाचा सामना पाहायला थांबतो. या हंगामात आमचा वरिष्ठ संघ अनेकदा शंभराहून अधिक गुणांनी हरला, आणि अंतिम सामन्यात मात्र दरवर्षी तेच दोन क्लब दिसतात. एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड मिळते. स्थानिक लीगला तसे का करता येत नाही?

उत्तर : आपण जे पाहत आहात ते आपल्याच लीगपुरते नाही. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरील ओव्हन्स अँड मरी ही ग्रामीण भागातील अत्यंत प्रतिष्ठेची लीग मानली जाते. तिथेही 2009 ते 2014 या सहा वर्षांत विजेतेपद अल्बरी आणि यारावोंगा या दोनच क्लबांकडे राहिले, तर त्याच लीगमधील कोरोवा-रदरग्लेन या क्लबला 2023 च्या हंगामातून माघार घ्यावी लागली. तो क्लब पुढच्या वर्षी परतला, परंतु एका हंगामाचीही गैरहजेरी लहान गावाला किती महागात पडते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. कारण फुटबॉलबरोबर नेटबॉलचे संघ, कनिष्ठ संघ आणि शनिवारी संध्याकाळी क्लबच्या सभागृहात जमणारे सगळे गावच त्या वर्षी पोरके होते.

आता ड्राफ्टविषयी. एएफएलचा ड्राफ्ट 1986 पासून चालू आहे आणि तो चालतो, याचे कारण असे की त्या खेळाची त्याहून वरची पायरी जगात कुठेच नाही. ज्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे त्याला ज्या क्लबने निवडले तिथे जावेच लागते, आणि त्या जाण्याचा मोबदलाही त्याला मिळतो. स्थानिक लीगमधला खेळाडू आठवडाभर विजेची कामे करतो, शाळेत शिकवतो किंवा घरची शेती पाहतो. आपण कुठे खेळायचे हे तो मित्र, भाऊ, जुने प्रशिक्षक आणि सरावाला जाण्यासाठी लागणारा वेळ पाहून ठरवतो. त्याला लीगने साठ किलोमीटर दूरच्या क्लबात पाठवायचे ठरवले, तर तो शेजारच्या लीगमध्ये जाईल किंवा खेळणेच सोडेल, आणि दोन्ही बाबतींत तळाच्या क्लबच्या हाती काहीच लागणार नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. पूर्वी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे आजच्या एएफएलच्या मूळ रूपात, खेळाडू ज्या विभागात राहत असे त्या विभागाच्या क्लबचा त्याच्यावर हक्क असे, आणि क्लबने मोकळे केल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. सिल्व्हियो फोस्किनी या तरुण खेळाडूने या नियमांना आव्हान दिले आणि 1983 मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्यावरील गैरवाजवी निर्बंध ठरवले. म्हणून कोणी कुठे खेळावे हे ठरवण्याच्या वाटेला स्थानिक लीग सहसा जात नाहीत. एकाच क्लबाने किती ताकद गोळा करावी, यावर मात्र त्या मर्यादा घालू शकतात. पुढचा प्रश्न नेमका त्याविषयीच आहे.

प्रश्न : आमच्या क्लबचे सचिव म्हणतात की एक चांगला खेळाडू यायला तयार होता, पण ‘आपले पॉइंट्स संपले.’ हे पॉइंट्स म्हणजे काय? आणि ते असतानाही श्रीमंत क्लब श्रीमंतच कसे राहतात?

उत्तर : व्हिक्टोरियातील स्थानिक फुटबॉलमध्ये 2016 पासून खेळाडू-गुणांची पद्धत आणि 2017 पासून वेतनमर्यादा, म्हणजे क्लबने खेळाडूंना द्यायच्या एकूण मानधनावरची मर्यादा, लागू झाली. या दोन्हींचा हेतू वेगवेगळा आहे आणि त्यांची गल्लत केली की चर्चा भरकटते.

गुणपद्धतीत प्रत्येक खेळाडूला एक अंक दिला जातो. क्लबच्या कनिष्ठ संघांतून वर आलेल्या स्थानिक खेळाडूचा एकच गुण मोजला जातो. वरच्या दर्जाच्या स्पर्धेतून आलेल्याचे गुण अधिक, आणि मूळ मांडणीत सर्वांत वरच्या खेळाडूंचे सहा. सामन्यात उतरणाऱ्या संघाच्या गुणांची बेरीज ठरलेल्या मर्यादेच्या आत राहावी लागते. मैदानावरचे 18 आणि बदली 4 असे 22 खेळाडू धरले, आणि समजण्यापुरती ही मर्यादा 40 मानली, तर सगळेच घरचे असलेल्या संघाची बेरीज 22 होते आणि 18 गुण शिल्लक राहतात. एका घरच्या खेळाडूच्या जागी सहा गुणांचा खेळाडू आणला की त्या शिलकीतले पाच जातात. असे तीन आणले की हाती तीनच गुण उरतात. आपल्या सचिवांच्या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच होता.

या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. बाहेरून आलेला खेळाडू त्याच क्लबात टिकून राहिला तर दर हंगामाला त्याचे गुण कमी होत जातात. म्हणजे चार गुणांनी आलेला माणूस तीन वर्षांत गावकऱ्यासारखाच एका गुणाचा होऊ शकतो. जो घर भाडय़ाने घेतो, मुले तिथल्या शाळेत घालतो आणि पुढे चौदा वर्षांखालील मुलांना शिकवायला उभा राहतो, अशा खेळाडूला हा नियम झुकते माप देतो. एका हंगामापुरता येऊन सर्वाधिक गोल मारून निघून जाणारा खेळाडू क्लबला दरवर्षी तेवढाच महाग पडतो.

आपल्या प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तरही इथेच सापडते. मोठ्या गावातील ज्या क्लबकडे कनिष्ठ मुलांचे भरभरून संघ आहेत, त्याच्याकडे एका गुणाचे खेळाडू भरपूर असतात आणि त्यांतले काही फार चांगले असतात. ज्या लहान क्लबचा सोळा वर्षांखालील संघच उभा राहत नाही, त्याला वरिष्ठ संघातली निम्मी जागा बाहेरून भरावी लागते आणि त्याचे गुण साधारण दर्जाच्या खेळाडूंवरच खर्ची पडतात. हा पद्धतीचा दोष नाही, कारण कनिष्ठ खेळाडू घडवणाऱ्याला फायदा व्हावा असाच तिचा रोख आहे. परंतु ज्या गावात मुलेच कमी उरली आहेत, तिथे मेहनत करूनही हा फायदा मिळत नाही. म्हणून तळाच्या क्लबाला मर्यादा वाढवून देण्याची मुभा ठेवलेली आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ही वाढीव मर्यादा एकेका वर्षापुरती न देता सलग तीन वर्षांसाठी आधीच जाहीर करावी. एका वर्षाच्या सवलतीत क्लब एका वर्षाचे खेळाडू आणतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा होता तिथेच येऊन थांबतो.

वेतनमर्यादेचा हेतू निराळा आहे. ती मुख्यतः क्लबाला दिवाळखोरीपासून वाचवण्यासाठी आहे, आणि त्यातून समतोल जेवढा साधेल तेवढा साधतो. या उपायाचा इतिहास जुना आहे. कॉलिंगवूडने 1927 ते 1930 अशी सलग चार विजेतेपदे मिळवली, आणि 1930 मध्येच व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने ‘कूल्टर लॉ’ या नावाने ओळखला जाणारा नियम आणून खेळाडूचे मानधन सामन्यामागे तीन पौंडांवर रोखले. हा नियम एका लीगपुरता होता, आणि शेजारची व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन त्याने बांधलेली नव्हती. परिणामी 1939 च्या हंगामात शंभराहून अधिक गोल मारणारा कॉलिंगवूडचा रॉन टॉड 1940 मध्ये चांगल्या मोबदल्यावर त्या असोसिएशनच्या विल्यम्सटाउन क्लबाकडे गेला. आजही दोन शेजारच्या लीगच्या मर्यादांत मोठा फरक असला की खेळाडूंचा ओघ त्याच दिशेने वाहतो. त्यामुळे आपल्या लीगने मर्यादा ठरवताना शेजारच्या लीगकडे पाहिले होते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मर्यादा मोडली जाते का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. मोडली जाते, आणि कधी कधी पकडलीही जाते. ओव्हन्स अँड मरी लीगमध्ये 2022 च्या विजेत्या संघाचे विजेतेपद वेतनमर्यादेच्या उल्लंघनामुळे काढून घेण्यात आले. रोख रकमेखेरीज भाडे, वाहन किंवा एखाद्या हितचिंतकाच्या दुकानातील नावापुरती नोकरी अशा वाटांनी दिलेला मोबदला शोधणे फार अवघड असते, कारण हिशेब तपासणारी माणसे थोडी असतात आणि क्लब चालवणारी बहुतेक सगळीच विनावेतन काम करत असतात. याबाबत शेजारच्या क्लबवर पुराव्याशिवाय आरोप करणे मात्र टाळावे. लहान लीगमध्ये असा संशय पराभवापेक्षाही जास्त काळ टिकतो.

प्रश्न : एकतर्फीपणा खरोखर वाढला आहे की आपल्याला तसे वाटते, हे आकड्यांनी तपासता येते का?

उत्तर : येते, आणि एका वहीत करता येते. प्रत्येक क्लबने जिंकलेल्या सामन्यांचे प्रमाण काढावे आणि त्या प्रमाणांचे प्रमाणित विचलन, म्हणजे ती सरासरीपासून किती पसरली आहेत हे सांगणारा आकडा, काढावे. दहा क्लब एकमेकांशी दोनदा खेळले तर प्रत्येकाचे 18 सामने होतात. सगळे क्लब तंतोतंत तुल्यबळ असते आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा असता, तरीही निव्वळ योगायोगाने हे विचलन सुमारे 0.118 येते, कारण 0.5 ला 18 च्या वर्गमुळाने भागायचे असते. याउलट वरच्या क्रमांकाचा क्लब खालच्या प्रत्येकाला दोन्ही वेळा हरवत असेल, तर विचलन सुमारे 0.319 येते. आपल्या लीगचा आकडा यांपैकी कशाच्या जवळ आहे ते पाच-सहा हंगामांसाठी मांडून पाहावे. एका हंगामाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

मात्र हा आकडा फक्त जय-पराजय मोजतो. 200 विरुद्ध 15 अशा निकालात आणि एका गुणाने हुकलेल्या सामन्यात तो भेद करत नाही, आणि स्थानिक क्लबांसाठी तोच भेद सर्वांत महत्त्वाचा असतो. एका गुणाने हरलेला संघ मंगळवारी सरावाला जोमाने येतो. 185 गुणांनी हरलेल्या संघातले चारजण त्या मंगळवारी येत नाहीत, मग राखीव, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या, संघातून चारजण वर घ्यावे लागतात, राखीव संघ अपुरा पडतो आणि तो सामना न खेळताच सोडावा लागतो. म्हणून विजयाच्या प्रमाणाबरोबर दोन गोष्टींची नोंद ठेवावी : किती सामन्यांत फरक शंभराच्या वर गेला, आणि हंगामात किती वेळा कुठल्या क्लबला राखीव संघ उतरवता आला नाही. यांतली दुसरी नोंद मला गुणतालिकेपेक्षाही विश्वासार्ह वाटते, कारण क्लब कोसळण्याची खूण आधी तिथे दिसते.

प्रश्न : मेलबर्नमध्ये ताकदीनुसार वरचे-खालचे विभाग असतात, बढती असते, घसरण असते. हेच ग्रामीण भागात आणले तर प्रश्न सुटेल ना?

उत्तर : जिथे ते शक्य आहे तिथे हा उपाय उत्तम आहे. 1892 मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशनमध्ये खेळाडूंना मानधन दिले जात नाही आणि क्लब वर-खाली होत असतात, त्यामुळे सतत हरणारा संघ काही काळाने आपल्या तोलाच्या संघांमध्ये येऊन पोहोचतो. ही सोय नसेल तर काय होते, त्याचे दुःखद उदाहरण मेलबर्नच्याच ‘युनिव्हर्सिटी’ या क्लबाचे आहे. विद्यार्थी आणि पदवीधरांचा हा हौशी संघ 1908 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये आला. पुढे इतर क्लब पैसे देऊ लागले, तेव्हा हा संघ लागोपाठ 51 सामने हरला आणि 1914 च्या अखेरीस लीगमधून बाहेर पडला. त्याला उतरायला खालची पायरीच नव्हती.

ग्रामीण भागात अडचण अंतराची आहे. विभाग करायचे तर दोन्ही विभागांत मिळून सोळा-अठरा क्लब हवेत, आणि तेवढे क्लब जमवायला दोन-तीन लीग एकत्र कराव्या लागतात. तसे केले की शनिवारी पहाटे नेटबॉलच्या मुलींना आणि कनिष्ठ मुलांना घेऊन दीड-दोन तासांचा प्रवास पालकांच्या माथी येतो, शिवाय वरिष्ठ संघ खालच्या विभागात गेला म्हणून त्या क्लबच्या चांगल्या कनिष्ठ संघांनीही तिकडे जायचे का, हा वाद उभा राहतो. बास सामुद्रधुनीतील किंग आयलंडवर तर तीनच क्लबांची लीग आहे. तिथे विभागांचा विचारही करता येत नाही, तिन्ही क्लबांनी एकमेकांना सांभाळूनच खेळावे लागते.

आपल्या लीगमध्ये दहा क्लब असतील, तर पहिल्या पाचांना बाद फेरी देण्याची पद्धत आहे का ते पाहावे. ती असेल तर ऑगस्टपर्यंत सातव्या-आठव्या क्रमांकाच्या क्लबालाही खेळण्याचे कारण उरते. त्यानंतर वार्षिक सभेत दोन आकडे मागावेत : आपल्या क्लबच्या चौदा वर्षांखालील संघात आज किती मुले आहेत, आणि पाच वर्षांपूर्वी किती होती. ती संख्या घटत असेल, तर पुढच्या हंगामाच्या अंदाजपत्रकात बाहेरच्या एका महागड्या खेळाडूच्या मानधनाऐवजी गावातील प्राथमिक शाळांमध्ये आठवड्यातून दोन दिवस जाऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची तरतूद करावी, असा ठराव मांडता येईल. आपल्या पत्रावरून आपण क्लबचे सभासद आहात असे दिसते. तसे असल्यास हा ठराव मांडण्याचा अधिकार आपल्यालाही आहे.