वाचक विचारतात : जंगल सरकारचे, मग विद्यापीठाचे तिथे काय काम?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत मोंटाना राज्यातील मिझूला येथे शिकतो. विद्यापीठाच्या ‘वाइल्डरनेस इन्स्टिट्यूट’तर्फे उन्हाळ्यात तो स्वयंसेवक म्हणून जंगलात जातो, तणांच्या नोंदी करतो आणि तंबू ठोकण्याच्या जागांची मापे घेतो. जंगल सरकारचे, रक्षकही सरकारचे. मग विद्यापीठाने यात पडायचे कारण काय? आणि अशा मोजमापातून नेमके काय साधते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ज्याला सरकार म्हणता ते तिथे एक खाते नाही, येथूनच सुरुवात करावी लागेल. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस, म्हणजे माणसाचा हात न लागता नैसर्गिक स्थितीत राखायची रानभूमी, यासंबंधीच्या कायद्यावर सही केली, तेव्हा ५४ क्षेत्रे आणि सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. आज ही क्षेत्रे ८०० हून अधिक असून त्यांचे एकूण क्षेत्रफळ ११ कोटी एकरांच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट आहे. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अलास्काचा. कायदा सर्वत्र एकच असला, तरी अंमलबजावणी वन सेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा, मत्स्य व वन्यजीव सेवा आणि भूमी व्यवस्थापन खाते अशा चार यंत्रणांकडे वाटलेली आहे. प्रत्येकीची कामाची पद्धत निराळी, आणि अधिकारी तर बदलतच राहतात. अशा वेळी एखाद्या दरीत वीस वर्षांपूर्वी काय स्थिती होती हे सांगणारे टिपण कुठल्या तरी दप्तरात पडून राहते आणि नव्या माणसाच्या हाती लागत नाही.

विद्यापीठाचे काम येथेच सुरू होते. १९७५ साली मोंटाना विद्यापीठात स्थापन झालेली वाइल्डरनेस इन्स्टिट्यूट संशोधन, अध्यापन आणि नागरिकांचा सहभाग यांची सांगड घालते. तिच्या मालकीचे एक एकरही जंगल नाही आणि कोणाला दंड करण्याचा अधिकारही तिला नाही. माझ्या मते हेच तिचे बळ आहे, कारण शिकारी, घोडेवाले, पदभ्रमण करणारे आणि वनाधिकारी या चौघांना एकत्र बसवायचे, तर बोलावणारा कोणत्याही बाजूचा नसावा लागतो.

याचा पुरावा त्याच परिसरात आहे. बॉब मार्शल या वनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे वाइल्डरनेस आणि त्याला लागून असलेली दोन क्षेत्रे मिळून सुमारे १५ लाख एकर होतात, म्हणजे आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या पाचपट. तेथे येणाऱ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा पहिला प्रश्न साहजिकच ‘किती माणसांना सोडायचे?’ हा होता. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नसते, हे कास पठाराच्या गर्दीवरचे वाद ऐकलेल्या सातारकरांना निराळे सांगायला नको. दहा बेशिस्त माणसे शंभर शहाण्यांपेक्षा जास्त नासधूस करतात. वन सेवेच्या मिझूलातील संशोधकांनी आणि विद्यापीठातील वनशास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून १९८५ मध्ये प्रश्नच बदलला : या जागी किती बदल आपण चालवून घेणार आहोत? मग प्रदेशाचे चार वर्ग पाडण्यात आले. अगदी आतल्या, निर्जन वर्गात दिवसभरात वाटेवर इतर किती गट भेटले तर चालतील, मुक्कामाच्या जागी किती जमीन उघडी पडलेली चालेल, याच्या मर्यादा ठरल्या. या मर्यादा वनाधिकाऱ्यांनी एकट्याने ठरवल्या नाहीत. स्थानिक नागरिक आणि संशोधक त्यांच्यासोबत अनेक वर्षे बैठकांना बसले आणि १९८७ साली आराखडा मंजूर झाला. बैठका कंटाळवाण्या झाल्या असतील यात शंका नाही, पण ज्यांनी मर्यादा ठरवली त्यांना ती पाळणे जड जात नाही.

आता आपल्या पुतण्याच्या मापांकडे वळू. मर्यादा ठरली की ती ओलांडली गेली का, हे कोणीतरी जाऊन पाहावे लागते, आणि लाखो एकरांत पायी फिरायला वनरक्षक पुरत नाहीत. तंबूच्या जागी गवत पार नाहीसे झालेला भाग किती फूट पसरला आहे, शेकोटीसाठी रचलेली दगडांची वर्तुळे किती आहेत, किती झाडांवर कुऱ्हाडीचे घाव आहेत, घोडे बांधून किती मुळे उघडी पडली आहेत, हे सारे ठरलेल्या तक्त्यात भरायचे असते. एका वर्षाचा तक्ता फारसे काही सांगत नाही. काही वर्षांनी त्याच जागी तीच मापे पुन्हा घेतली की मगच त्याला अर्थ येतो. तणांचेही असेच. युरोपातून गेलेले ‘नॅपवीड’ नावाचे जांभळट फुलांचे तण मोंटानात माळच्या माळ व्यापून बसले आहे. ते माणसांच्या बुटांना आणि घोड्यांच्या वैरणीला चिकटून आत शिरते, म्हणून सोबतची वैरण तणबीजमुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत पुढे देशभर कसे पसरले, हे आठवले की पाच रोपटी दिसतात तेव्हाच ती नकाशावर नोंदवण्याचे मोल कळते.

प्रश्न : वाइल्डरनेसमध्ये सायकलीलाही बंदी आहे आणि वाटेवर पडलेले झाड यंत्राच्या करवतीने कापता येत नाही, असे वाचले. हा अतिरेक नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कायद्यात मोटारीबरोबरच यांत्रिक वाहतूक आणि मोटारीवर चालणारी अवजारे यांना मनाई आहे. आणीबाणीचे आणि अत्यावश्यक व्यवस्थापनाचे अपवाद तेवढे ठेवलेले आहेत. त्यामुळे दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब करवत दोघांनी आळीपाळीने ओढायची, ही जुनी कला तिथे आजही रीतसर शिकवली जाते. सायकलीबद्दल तिथेही वाद आहे आणि तो मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. यंत्रकरवतीच्या बाबतीत मात्र कायदा योग्य आहे असे माझे मत आहे : काम अवघड असले की कोणती वाट खरोखर मोकळी करायला हवी याचा विचार आधी होतो.

प्रश्न : वीज पडून लागलेली आग तिथे मुद्दाम विझवत नाहीत, हे खरे का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : काही ठिकाणी, ठरवून दिलेल्या अटींवर, खरे आहे. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे मेली. त्या धसक्यातून १९३५ साली वन सेवेने नियमच केला की, लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. परिणामी पडझड आणि वाळका पाला साठत गेला, आणि अधूनमधून लागणाऱ्या आगीवर अवलंबून असलेली झाडे मागे पडली. याच दोन राज्यांच्या सीमेवरील सेलवे-बिटररूट वाइल्डरनेसमध्ये अभ्यास करून १९७२ मध्ये विजेची एक आग प्रथमच जळू दिली गेली. मात्र १९८८ मध्ये बॉब मार्शलच्या शेजारच्या स्केपगोट वाइल्डरनेसमध्ये जूनअखेरीस अशीच सोडलेली आग सप्टेंबरमधील वादळी वाऱ्यात हद्दीबाहेर पडून पशुपालकांच्या कुरणांत शिरली आणि एकूण सुमारे अडीच लाख एकर जळाले. त्यानंतर नियम कडक झाले. सोडून देणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. त्यासाठी लागणारे संशोधन मिझूलातच, विद्यापीठाच्या आवारातील आल्डो लिओपोल्ड संशोधन संस्थेत १९९३ पासून चालते. ती केंद्र सरकारची असून चारही यंत्रणांसाठी काम करते.

प्रश्न : ‘निर्जन’ जंगल राखताना तिथल्या मूळ रहिवाशांचे काय?
— एक वाचक, गडचिरोली

उत्तर : या कायद्याच्या कल्पनेवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. ज्याला निर्जन म्हटले गेले, तिथे हजारो वर्षे माणसे शिकार करीत, कंद खणत आणि ठरवून आगी लावत आली होती. म्हणूनच मिझूलाच्या उत्तरेकडील मिशन पर्वतातले उदाहरण मला मोलाचे वाटते. तेथे सेलिश आणि कूटेनाय जमातींच्या परिषदेने १९८२ साली स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या ठरावाने सुमारे ९० हजार एकरांचे वाइल्डरनेस जाहीर केले. त्यातील मॅकडोनाल्ड शिखराभोवतीचा भाग दरवर्षी जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत सर्वांना बंद असतो, कारण त्या काळात ग्रिझली अस्वले वर चढून दगडांखाली गोळा झालेले पतंग आणि लेडीबग किडे खातात. पर्यटकांना ही बंदी गैरसोयीची वाटते. परिषदेने ती कायम ठेवली आहे.