इंटिरिअर डिझायनरने इन्स्टाग्राम प्रोफाइल कसं ठेवावं, म्हणजे कामं येतील?

नाशिकमध्ये नुकतंच स्वतःचं काम सुरू केलंय, फॉलोअर्स बरे आहेत पण चौकशी येत नाही, असं तुम्ही विचारलंय. फॉलोअर्सचं सोडा, आधी नाव बघा. इन्स्टाग्रामच्या सर्चमध्ये यूजरनेमबरोबर ‘नाव’ हा रकानाही धरला जातो. तिथे तुमच्या नावापुढे ‘इंटिरिअर डिझायनर, नाशिक’ जोडा. हे नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा नीट ठरवून लिहा.

बायोला १५० अक्षरं मिळतात. त्यात सुविचार घालू नका. ‘टू बीएचके फ्लॅटचं काम, डिझाइनपासून किल्ली हातात देईपर्यंत’ एवढं वाचून माणसाला कळतं की आपलं काम इथे होईल. खाली व्हॉट्सॲपची लिंक द्या. अकाउंट प्रोफेशनल करून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत.

खरी मेहनत फोटोंवर घ्या. तयार हॉलचे चकाचक फोटो सगळेच टाकतात. तुम्ही ओट्याखालची ट्रॉली उघडून दाखवा, प्लाय कुठला वापरला ते सांगा, सिंकखाली बीडब्ल्यूपी ग्रेडच, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायच का घेतला ते समजावा. घरात पैसे घालणाऱ्याला हीच धास्ती असते की आतून काय लावतील कोण जाणे! असे तीन उत्तम रील्स वर पिन करा.

इंटरनेटवरून उचललेले फोटो मात्र स्वतःचं काम म्हणून कधीही टाकू नका. ग्राहक तुम्ही काम केलेलं घर प्रत्यक्ष बघायला मागतोच.

आणि मेसेजला त्याच दिवशी उत्तर द्या.