दृष्टीची तुरटी, एकमुखी दाणा, दाराची नाल: वाचकांचे प्रश्न

दृष्ट, ताईत आणि शुभ वस्तूंविषयी नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. कोणी काय मानावे हे ठरवणे आमचे काम नाही. वस्तू कशाची आहे, ती तशी का वागते आणि कुठे अपाय करते, एवढे मात्र नेमके सांगता येते.

प्रश्न : सासूबाई दर अमावास्येला आमच्या सात महिन्यांच्या बाळाची दृष्ट काढतात. ओवाळलेली तुरटी तव्यावर फुगते आणि तिच्यात दृष्ट लावणाऱ्याचा चेहरा दिसतो म्हणतात. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट नक्की होती, असेही म्हणतात. खरे काय? शिवाय काजळ, काळा दोरा, ताईत हे बाळाला चालेल का? (इंदिरानगर)

तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते, वजनाच्या सुमारे ४५ टक्के. ९२-९३ अंश सेल्सिअसला तुरटी स्वतःच्याच पाण्यात वितळते. मग ते पाणी उकळते, चिकट रस वाफेने फुगतो, वरून वाळतो आणि लाहीसारखी पांढरी, पोकळ तुरटी उरते. फुगवटे कुठे येणार हे खड्यातल्या चिरा, त्याची कड आणि तव्याचा तापलेला भाग यांवर ठरते. दोन खळगे आणि खाली एक फट दिसली की माणसाचे डोळे तिथे चेहरा शोधतातच. पडताळायचे असेल तर एकाच खड्याचे दोन सारखे तुकडे करा. एक ओवाळा, दुसरा तसाच ठेवा, दोन्ही एकाच तव्यावर मध्यम आचेवर फुलवा. मग कोणता कुठला हे ठाऊक नसलेल्या माणसाला ओळखायला सांगा.

मिरचीचे गणितही आचेचेच आहे. मंद निखाऱ्यावर मिरची धुमसते, तिखट द्रव्य धुराबरोबर हवेत जाते आणि घरभर ठसका लागतो. निखारा रसरशीत असेल तर मिरची भडकून जळते, तिखट द्रव्यही जळून जाते आणि ठसका कमी येतो. जुनी, कमी तिखट मिरची असेल तरी तेच. जाडे मीठ तडतडते ते खड्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबांमुळे. मोहरी फुटते ती आतल्या ओलाव्याची वाफ झाल्यामुळे.

तुर्कस्तानात हीच गोष्ट काचेच्या निळ्या डोळ्याची. इझमीरजवळच्या नजरकोय गावात भट्टीवर हे मणी बनतात. लोखंडी सळईवर गडद निळ्या काचेचा गोळा घेतात, त्यावर पांढरा, फिकट निळा आणि शेवटी काळा ठिपका चढवतात. मणी तडकला की त्याने दृष्ट स्वतःवर घेतली, असे मानतात. काच सावकाश थंड झाली नाही तर आत ताण राहतो आणि ती पुढे कधीतरी तडकते. तुरटी असो की काच, खूण त्या पदार्थातच असते, म्हणून ती हमखास मिळते आणि प्रथा टिकते.

आता बाळाची काळजी. ओवाळायचे तर ओवाळा, पण मिरच्या जाळताना बाळ त्या खोलीत नको. लहान मुलाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि हा धूर तिथे सूज आणतो. घरात दम्याचे कोणी असेल तर मिरची वगळून मीठ-मोहरीवर भागवा. तुरटी वितळताना गरम थेंब उडतात, म्हणून तवा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. फुलल्यावर लगेच उतरवा. निखाऱ्यावर ती फार तापली तर गंधकाचे झोंबणारे वायू सुटतात.

काजळ डोळ्यांत अजिबात नको. घरचे काजळ असले तरी बोट आणि नखातून जंतू जातात, अश्रूंची नळी बुजू शकते. सुरम्याचा धोका त्याहून मोठा आहे. पारंपरिक सुरमा म्हणजे बहुधा शिशाचे सल्फाइड असते. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीला बाधते आणि रक्तातली त्याची सुरक्षित अशी पातळी नाही. गालावर किंवा कानामागे तीट लावायची असेल तर घरचे काजळ लावा आणि झोपण्यापूर्वी पुसा.

गळ्यात काहीही नको, काळा दोरा नको, चांदीची साखळीही नको. पाळण्याच्या कडीत किंवा खुंटीत अडकली तर फास बसतो. मनगटाचा दोरा आणि कमरेचा करगोटा यांच्याखाली तुमचे एक बोट सहज गेले पाहिजे. ओला सुती दोरा आकसतो आणि बाळ वाढते, म्हणून रोज आंघोळीच्या वेळी पाहा. खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याची धरतात. दृष्टमणी, घुंगरू, ताईत हे सगळे त्यात मावतात. ताईत स्वस्त मिश्रधातूचा असेल तर निकेलने पुरळ उठते, आणि त्यात शिसेही असू शकते. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वर्षाच्या मुलाच्या रक्तात शिसे सापडले, ते कंबोडियाहून आणलेल्या ताईताच्या मण्यांतून आले होते. मुले मणी चघळतात. प्राचीन रोममध्येही मुलगे गळ्यात ‘बुल्ला’ नावाचा ताईत घालत आणि मोठे झाल्यावर तो उतरवून देवाला वाहत. ताईत बाळाला घालायचाच असा आग्रह असेल तर तो देव्हाऱ्यात ठेवा, बाळाच्या अंगावर नको.

प्रश्न : वर्कशॉपच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो. कधी लिंबू सुकते, कधी आठवड्यात काळे पडून गळते. कामगार म्हणतात गळले तर बाधा होती. बिब्बा हाताळल्यावर एकाच्या हाताला फोडही आले. (सातपूर)

एक लिंबू, सात मिरच्या, खाली कोळसा किंवा बिब्बा, हे सगळे सुईने एका दोऱ्यात ओवायचे. अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडते, ते दारातच मिळाले की ती आत येत नाही, अशी समजूत. लिंबाचे काय होईल हे सुईच्या भोकावर आणि हवेवर ठरते. लिंबावर वाढणारी हिरवी बुरशी अखंड सालीतून सहसा शिरत नाही, जखमेतून शिरते, आणि सुईने तुम्ही ती जखम करूनच देता. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लिंबू गळते, एप्रिलच्या कोरड्या उन्हात सुकते. दोऱ्यातून लिंबाचा रस हवेत जाऊन जंतू मरतात, हा मोबाइलवर फिरणारा खुलासाही खोटा आहे. एका लिंबातून एवढे काही हवेत जात नाही.

बिब्ब्याच्या सालीतले काळे तेल कातडीला भाजते. धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरत. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून काजूच्या टरफलाने किंवा कैरीच्या चिकाने ज्यांना पुरळ येते त्यांनी बिब्ब्याला हात लावू नये. बिब्बा फोडू नका, भोक पाडायला तापवू नका, बाजूने दोरा गुंडाळा. तेल लागले तर लगेच साबणाने धुवा, ते हात डोळ्यांना लावू नका. फोड आले तर फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

माळ विजेच्या पॅनेलवर किंवा मोटरवर टांगू नका, गळणारा आंबट रस जोडण्यांना गंज चढवतो. उतरवल्यावर चौकात टाकू नका, दुचाकी घसरते. लिंबू-मिरची ओल्या कचऱ्यात, बिब्बा आणि तार वेगळी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: लेथ, ड्रिल, प्रेस यांवर काम करणाऱ्याच्या हातात गंडा, कडे, अंगठी काहीही नको. फिरत्या भागात दोरा सापडला की हात ओढला जातो, आणि अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. गंडा काढायला कामगार तयार नसेल तर त्याला तो दिवसभर देवाच्या फोटोजवळ ठेवू द्या. पण मशीन चालू करण्याआधी हात मोकळे हवेत, इथे सवलत नको.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरी एकमुखी रुद्राक्ष ११,००० रुपयांना घेतला. विक्रेत्याने पाण्यात बुडवून आणि तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये फिरवून दाखवला. तो खरा कसा ओळखावा? (गंगापूर रोड)

या दोन्ही परीक्षा निरुपयोगी आहेत. कोरडा खरा दाणा तरंगू शकतो, तोच तेलात भिजवून ठेवला तर बुडतो. आत शिसे भरलेला नकली दाणा तर हमखास बुडतो. नाण्यांमध्ये कोणताही खडबडीत गोल दाणा बोटांच्या दाबाने फिरतो. सुपारीवर करून पाहा.

रुद्राक्ष ही एका झाडाच्या निळ्या फळातली बी. मुख म्हणजे दाण्यावरची उभी खाच. खऱ्या दाण्यात प्रत्येक मुखरेषा देठापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाते, आणि प्रत्येक मुखामागे आत एक कप्पा असतो. म्हणून खरी तपासणी आतल्या कप्प्यांची. दाणा न कापता ती एक्स-रेने होते. बाहेर एक रेघ आणि आत पाच कप्पे दिसले, तर चार रेषा भरून, घासून बुजवल्या आहेत. पाचमुखी दाणा सर्वांत सामान्य आणि स्वस्त, त्यामुळे नकली एकमुखी बहुधा त्यापासूनच बनवतात. घरी दहापट भिंगातून रेषेच्या कडा पाहा. कोरलेली रेघ उथळ, तिची कड तीक्ष्ण आणि टोकाला थांबलेली असते. दोन दाणे जोडून केलेल्या मालात गोंदाची चकाकी दिसते. गरम पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर साधा गोंद सुटतो, इपॉक्सी नावाचा पक्का गोंद सुटत नाही, म्हणून न सुटणे हा पुरावा नव्हे. दाण्यावर नाग, त्रिशूळ किंवा ॐ उमटलेला असेल तर तो कोरलेला किंवा चिकटवलेला समजा. काजूच्या आकाराचा अर्धचंद्र दाणा आणि गोल दाणा दोन्ही ‘एकमुखी’ म्हणूनच विकतात, तेव्हा पावतीवर आकार, मुखे आणि वजन लिहून घ्या. प्रमाणपत्र देत असतील तर त्यात एक्स-रे केल्याची नोंद आहे का ते पाहा. नुसता फोटो आणि वजन असेल तर त्याला अर्थ नाही.

नकली निघाला तर पावतीसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. आणि विक्रेत्याने रोग बरा होईल अशी जाहिरात केली असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते. १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच स्पष्ट नोंदवलेले आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि चारच दिवसांनी त्याचा वटहुकूम निघाला. त्यात ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. दूरचित्रवाणीवर चमत्कारी शक्तीच्या दाव्याने ताईतासारखी यंत्रे विकणे या कायद्याखाली बेकायदा आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. श्रद्धेने रुद्राक्ष घालण्याला यातला कोणताही कायदा आड येत नाही.

प्रश्न : ७८६ क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, अशी जाहिरात आली आहे. आधी नोंदणीचे पैसे मागतात. (नाशिकरोड)

पैसे भरू नका. ७८६ ही बिस्मिल्लाहच्या अरबी अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज, म्हणून ती शुभ मानतात. हौशी संग्राहक थोडे जास्त देतीलही, पण आधी शुल्क मागणारा ठगच. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही आणि असे कोणतेही शुल्क आपण घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. नोटेवर क्रमांकात चांदणी असेल तर ती छपाईत बाद झालेल्या नोटेच्या बदल्यात छापलेली, तीही चलनातली साधी नोट.

प्रश्न : घोड्याची नाल टोके वर करून लावावी की खाली? (देवळाली कॅम्प)

वर केली तर नशीब सांडत नाही, खाली केली तर दारातून येणाऱ्यावर बरसते, अशी दोन्ही मते युरोपात चालत आली आहेत. तिकडे नालेचे मूळ दहाव्या शतकातल्या संत डन्स्टनच्या दंतकथेत सांगतात. त्याने सैतानाच्या खुराला नाल ठोकली आणि नाल असलेल्या घरात न शिरण्याचे वचन घेऊनच सोडले. आपल्याकडे नाल शनीसाठी म्हणून लोखंडाचीच हवी असते, तेव्हा चुंबक लावून पाहा. शर्यतीच्या घोड्यांच्या नाली ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. वापरलेली नाल पुढच्या बाजूला झिजून पातळ झालेली असते. बाजारातली बरीचशी कधी घोड्याच्या पायाला लागलेलीच नसते. काळ्या घोड्याची म्हणून जास्त पैसे देऊ नका. लोखंडावरून घोड्याचा रंग सांगता येत नाही. चौकट लाकडी असेल तर निदान चार स्क्रूंनी लावा. गिलाव्यात खिळ्याने ठोकलेली नाल दार आपटून सैल होते आणि ती पडणार ती खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर.

प्रश्न : एक जण चांदीच्या डबीत, शेंदरात ठेवलेली ‘हाथाजोडी’ विकायला आला. वनस्पतीचे मूळ आहे म्हणतो. मांडूळही मिळवून देतो म्हणाला. (निफाड)

घेऊ नका. हाथाजोडी म्हणून विकतात ते बहुतेक वेळा घोरपडीच्या नराचे वाळवलेले लिंग असते. त्याचे दोन भाग जोडलेल्या हातांसारखे दिसतात. काही वेळा प्लास्टिकचा साचा असतो. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. बाळगणाऱ्यालाही ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते, माहीत नव्हते हा बचाव टिकत नाही. मांडूळ हा बिनविषारी साप आहे. त्याची शेपटी बोथट असल्याने त्याला दोन तोंडे आहेत असे वाटते, एवढेच. कांद्याच्या आणि द्राक्षांच्या शेतातले उंदीर तो खातो, त्याला जागेवरच राहू द्या. घरात वडिलांच्या काळापासून वाघनख असेल तर ते विकता येत नाही, कोणाला देताही येत नाही. वारसाने आले तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवावे लागते. विकणारा पुन्हा आला तर वाद घालू नका, त्याच्या गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.