मूळ करारनामा सापडत नाही. ‘गहाळ’ म्हणून सही करू का?

प्रश्न : वडील गेल्या वर्षी वारले. फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. गृहकर्ज त्यांनी २०२४ मध्ये फेडले होते. आता सोसायटीत आईचे नाव लावायचे आहे. शेअर सर्टिफिकेट मिळाले, पण नोंदणीकृत करारनाम्याची फक्त झेरॉक्स आहे. सगळी कपाटे शोधून झाली. भाऊ म्हणतो, ‘करारनामा गहाळ झाला असून त्यावर कोणतेही कर्ज नाही’ असे प्रतिज्ञापत्र करून सगळ्यांनी सह्या करू. करू का?

उत्तर : ताई, आत्ताच करू नका. भावाच्या हेतूबद्दल मला शंका नाही; माणूस गेल्यानंतरच्या धावपळीत बहुतेक घरांत असेच होते. पण शपथेवर लिहायचे ते खात्रीचे हवे, आणि तुम्ही शोध फक्त घरात घेतला आहे.

गृहकर्ज असताना मूळ करारनामा बँकेकडेच असतो. वडिलांनी तो परत घेतला का, हे पहिले विचारा. कागद परत देताना बँक पोच घेते. त्या पोचेची प्रत लेखी अर्ज करून मागा. सोबत मृत्यूचा दाखला आणि कर्जखात्याचा क्रमांक द्या. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना देण्याची पद्धतही बँकेने ठरवलेली असली पाहिजे. कागद बँकेकडूनच हरवला असेल, तर प्रमाणित प्रती मिळवून देणे आणि त्याचा खर्च सोसणे हे बँकेचे काम आहे. अशा वेळी ‘आमच्याकडून गहाळ झाला’ असे तुम्हीच लिहून दिलेत, तर बँक आयती सुटेल. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पोचेवर वडिलांची सही निघाली, तर दुसरी शक्यता तपासा : त्यांनी तो दुसऱ्या कर्जासाठी कुठे तारण ठेवला असेल. मालकीचे मूळ कागद तारण म्हणून नुसते ठेवूनही गहाण होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून ‘कर्ज नाही’ हे वाक्य मला जास्त धोक्याचे वाटते. ‘सरसाई’ या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीत ठरावीक शुल्क भरून शोध घेता येतो, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात फ्लॅटवर बोजाची नोटीस दाखल आहे का तेही कळते.

दोन्हीकडे काही निघाले नाही, तर मात्र भावाचा मार्ग योग्य. पोलिसांत गहाळ नोंद करा, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रमाणित नक्कल घ्या. झेरॉक्सवरच्या नोंदणीच्या शिक्क्यात दस्त क्रमांक आणि वर्ष असते. त्यावरून नक्कल आणि सूची क्रमांक २ (दस्ताच्या नोंदीचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) दोन्ही मिळतात. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ नुसार ही नक्कल मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला पुरावा म्हणून चालते. साध्या झेरॉक्सला ते वजन नाही.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘आमचा कोणताही हक्क राहिला नाही’ असे वाक्य त्यात घुसलेले मी पुष्कळदा पाहिले आहे. फ्लॅटमधला हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. पण असे वाक्य उद्या वाद घालायला पुरते. सोसायटीत आईचे नाव लागले म्हणून ती एकटी मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर बाकीच्या वारसांचे हिस्से राहतातच.

कागद हाती आले की आईसाठी एक वही करा. प्रत्येक दस्तापुढे मूळ प्रत कोणाकडे, कधी दिली, परत कधी आली, एवढे लिहा. दस्ताला लॅमिनेशन करू नका, पंचिंगही नको. आईने मृत्युपत्र केले तर ते तिच्या एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण नेमके लागेल तेव्हा तो लॉकर उघडायलाच धावपळ होईल. ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवण्याची सोय कायद्यात आहे.